मिस्त्री, पोराशी बोला जरा

नमस्कार मंडळी. आज गॅरेजवाल्या मिस्त्रींशी बोलायचंय, आणि ज्यांची पोरं गॅरेजात शिकायला लागलीयत त्या आईवडलांशीपण.

आपल्याकडे पोरगं गॅरेजात लागलं की पहिलं वर्षभर गाड्या धुवायच्या, चहा आणायचा, मिस्त्रीने हाक मारली की १२-१३ चा पाना हातात द्यायचा, बाकी बघून बघून शिकायचं. कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) होता तोवर हे चालून गेलं, स्क्रू थोडा फिरवला की इंजिनचा आवाज बदलायचा, पोराला कानानेच कळायचं. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (गाडीच्या धुराचा नवा नियम) आलं आणि नव्या बाईकला पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, सेन्सर, ईसीयू (इंजिनचा छोटा कॉम्प्युटर) आले, आता बिघाड कुठंय ते नुसतं शेजारी उभं राहून दिसतच नाही. मिस्त्रीच्या डोक्यात काय चाललंय ते त्याने तोंडाने सांगायलाच पाहिजे!

साधं बघा. चेक इंजिनचा दिवा लागला की पोरगं आधी स्कॅनरकडे (ईसीयूतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) धावतं. त्याला आधी मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) द्या, बॅटरी मोजायला लावा. गाडी बंद असताना साडेबाराच्या आसपास व्होल्ट, चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा. बॅटरी पडलेली असली तर स्कॅनर भलतेच कोड दाखवतो आणि चांगला सेन्सर उगाच बदलला जातो, पैसे गिऱ्हाईकाचे जातात. हे एवढं एकदा समजावलं ना, की पुढच्या गाडीला ते पोरगं स्वतःच विचारतं, बॅटरी बघितली का म्हणून.

आयटीआयमधे मोटर व्हेईकल मेकॅनिकचा कोर्स २ वर्षांचा आहे, तिथली पोरं वायरिंगचा नकाशा वाचतात पण गिअरबॉक्स उघडायला घाबरतात, आणि गॅरेजातल्या पोराचं बरोबर उलटं. जमत असेल तर दोघांना एकाच गाडीवर बसवा. भंगारातलं एखादं १०० सीसीचं इंजिन आणून ठेवा, संध्याकाळी काम कमी असलं की खोलू दे, टायमिंगच्या खुणा (व्हॉल्व्ह वेळेवर उघडावेत म्हणून असलेल्या) जुळवू दे, चुकलं तर परत खोलू दे. ऑइलच्या बोल्टचे आटे तिथे गेले तर कुणाचं नुकसान नाही, गिऱ्हाईकाच्या गाडीवर गेले तर भांडण.

आणि आईवडलांनो, चौदाच्या आतलं पोरगं कामाला लावूच नका, कायद्याने बंद आहे. मोठं असेल तर मालकाला दोन गोष्टी आधीच विचारा, महिन्याला हातात किती देणार, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली पोराला पाठवता का. स्टँड न लावता पाठवत असतील तर दुसरं गॅरेज बघा.