पन्नास सीटचं विमान आणि चाळीस माणसं

अँटिग्वाच्या विमानतळालगत एक क्रिकेटचं मैदान आहे, कूलिजला. ते बांधणाऱ्यानेच याच विमानतळावर एक विमान कंपनीही थाटली होती. टेक्सासचा अ‍ॅलन स्टॅनफर्ड. 2008 मध्ये लॉर्ड्सवर हेलिकॉप्टरने उतरून डॉलरची पेटी दाखवणारा, तोच तो!

पण गोष्ट क्रिकेटची नाही, सीटांची आहे.

पूर्व कॅरिबियनमधली बेटं चिमुकली. डॉमिनिकाची लोकवस्ती जेमतेम 70 हजार. आपल्याकडे एवढ्या गावाला नगराध्यक्ष असतो, तिथे पंतप्रधान आहे. चारी बाजूंनी समुद्र, म्हणून दवाखाना असो, लग्न असो की मयत, विमान धरायचं. हे काम करायची लिआट (LIAT) ही विमान कंपनी. 1956 मध्ये माँटसेराटवर एका छोट्या पायपर विमानाने तिची सुरुवात झाली. पुढे मालकी फिरत फिरत बेटांच्या सरकारांकडे आली. आपल्या एसटीसारखंच, शिव्याही तिलाच आणि वाटही तिचीच बघायची. नावाची फोड लोक करायचे ‘लीव्ह आयलंड एनी टाइम’, म्हणजे सुटेल तेव्हा खरी.

2000 मध्ये स्टॅनफर्डची कॅरिबियन स्टार आली. तळ अँटिग्वाच, मार्ग बरेचसे तेच, विमानंही तीच, दोन पंख्यांची डॅश-8.

आता हिशेब बघा. समजा, सकाळी या बेटावरून त्या बेटावर जाणारे आहेत 40 जण. पन्नास सीटच्या एका विमानाला एवढं गिऱ्हाईक पुष्कळ झालं. शेजारी दुसरं विमान लागलं की वाट्याला येतात वीस-वीस. इंधन, वैमानिक आणि उतरण्याचं शुल्क मात्र दोघांनाही पुरतंच भरावं लागतं. त्यात उड्डाण अर्ध्या-पाऊण तासाचं. वर पोचेपर्यंत खाली यायची वेळ होते, आणि दर उतरण्यागणिक टायर, ब्रेक, इंजिन झिजतं ते वेगळंच. भाडी कोसळली तेव्हा प्रवाशांची चंगळ झाली, पण दोन्ही कंपन्या तोट्यात गेल्या.

2007 साल आठवतंय? पोर्ट ऑफ स्पेनला आपण बांगलादेशकडून हरलो, ते वर्ल्ड कपचं वर्ष. त्याच वर्षी कॅरिबियन स्टार थांबली आणि तिचे मार्ग लिआटकडे आले. भाडी पुन्हा चढली. त्यावर प्रत्येक बेटाचे कर आणि विमानतळ शुल्क होतंच. स्टॅनफर्डला 2012 मध्ये गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल 110 वर्षांची कैद झाली.

एकटी उरली तरी लिआटचं नशीब काही फळफळलं नाही. 2013 पासून तिने नवी एटीआर विमानं घेतली, काही 48 सीटची, काही 68 ची. बेटांवरची माणसं काही त्या हिशेबाने वाढली नव्हती. कर्ज वाढलं, 2020 मध्ये करोना आला, आणि जानेवारी 2024 मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नायजेरियाच्या एअर पीसच्या भागीदारीत ‘लिआट20’ उडाली. आता ताफ्यात एम्ब्रेअर जेटही आहेत. सीट किती? 50.