थंडी सरली, सुरंगी फुलली

श्रोतेहो, नमस्कार.

बर्फ पडणाऱ्या मुलखात वसंताची ओढ का लागते, ते कुणालाही कळेल. पण आमच्या वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर जानेवारीतसुद्धा भर दुपारी सदरा अंगाला चिकटतो. इथे थंडी जायची वाट कोण बघणार? आम्ही बघतो, मंडळी. डोळे लावून बघतो, कारण आमच्या आंब्याच्या कलमांचं वर्षाचं गणित त्या थंडीवर बसलेलं असतं.

हापूसला मोहोर यायचा तर रात्रीचा गारठा हवाच. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात आम्हीच थंडीची वाट पाहतो. पण तिने वेळेवर निघायलाही हवं. फेब्रुवारीत गारवा मुक्कामाला राहिला, की ज्या डहाळीवर वाटाण्याएवढी कणी, म्हणजे कोवळी फळं, धरलेली असते तिथेच पुन्हा मोहोर फुटतो. याला पुनर्मोहोर म्हणतात. झाडाचं बळ नव्या फुलोऱ्याकडे वळतं आणि आधीची कणी गळून पडते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय बहरलंय कलम! बागायतदाराच्या पोटात मात्र गोळा येतो.

यंदा तसंच झालं. थंडी हटायलाच तयार नव्हती. सकाळी बागेत गेलं की पाचोळ्यावर हिरवी कणी सांडलेली. धुकं पडलं की मोहोरावरच्या भुरी रोगाची धास्ती वेगळीच. शेजारचे आबा रोज वाकून मूठभर कणी उचलायचे, तळहातावर बघायचे आणि काही न बोलता परत खाली सोडायचे. त्या दिवसांत त्यांच्याशी काय बोलावं ते मला सुचत नसे.

मग एका पहाटे मतलई वारा बोचेनासा झाला. गवतावर दव नव्हतं. आठच्या सुमारास उन्हाला धग आली आणि आबा कुंपणापलीकडून म्हणाले, "आता कणी टिकतली." एवढंच. पण त्यांचा तो आवाज ऐकून मला जे वाटलं, तोच माझा वसंत.

त्यानंतर सगळं भराभर घडतं. काजूच्या बोंडांचा आंबूस वास, पांगाऱ्याचा लाल फुलोरा, भर दुपारी तांबट पक्ष्याची टुक-टुक. कणी गोटीएवढी होते, मग सुपारीएवढी.

आणि सुरंगी! ज्यांनी हे झाड पाहिलेलं नाही त्यांना सांगतो. पानं गर्द हिरवी, जाड. कळे मात्र पानांआड लपत नाहीत, जून फांद्यांना झुबक्यांनी लगडतात. उमललं की पांढऱ्या पाकळ्या आणि मधे परागांचा पिवळा गोंडा. पण उमलू द्यायचं नसतं. ऊन चढायच्या आत कळे काढावे लागतात, म्हणून काळोख असतानाच लोक झाडावर चढतात. झाड दिसायच्या आधी मधमाश्यांचा गुंजारव कानावर येतो आणि त्याच्याही आधी वास. गोड, दाट, थोडा उग्र. घरोघरी बायका अंगणात बसून कळ्यांचे वळेसर, म्हणजे गजरे, करतात आणि ते बाजारात जातात. सुकल्यावरही हा वास जात नाही. माझी आई सुकलेला वळेसर ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवायची. भर पावसात, आषाढात ट्रंक उघडली तरी घरभर फाल्गुन पसरायचा.

आता शिमग्याचे दिवस जवळ आले. मुंबईहून चाकरमानी येतील, देवळासमोर होळी उभी राहील, गाऱ्हाण्याला "व्हय म्हाराजा" म्हणताना यंदा आमचा आवाज जरा जास्तच चढेल. कलमांवर काय टिकलंय ते आम्ही रोज बघतोय ना!

उद्या पहाटे आबांची सुरंगी काढायची आहे. ते आता झाडावर चढत नाहीत, त्यांचा नातू चढतो. खाली टोपली धरायला मी जाणार आहे.