परसबागेतील दुर्मिळ पाम: आधी ओळख, मग लागवड

बागप्रेमी मित्रहो, माड, पोफळ, ताड आणि शिंदी ही झाडे आपल्याला कोणी शिकवावी लागत नाहीत. मात्र ही झाडे ज्या कुळातील आहेत त्या पाम कुळात जगभर सुमारे २,६०० जाती आहेत आणि त्यांतल्या काही जाती आज मूळ रानापेक्षा माणसांच्या बागांतच अधिक संख्येने उभ्या आहेत. त्यामुळे घरच्या बागेत दुर्मिळ पाम लावणाऱ्यावर पाणी-खताच्या पलीकडची एक जबाबदारी येते. आपल्याकडील झाड नेमके कोणत्या जातीचे आहे आणि त्याचे बी कोठून आले हे सांगता येत नसेल, तर ते झाड शोभेला उरते, पण जातीच्या संवर्धनासाठी त्याचा उपयोग होत नाही. म्हणूनच लागवडीकडे वळण्यापूर्वी मी ओळखीसाठी बराच वेळ घेणार आहे.

रोपवाटिकेतील पाटीवर विसंबणे हा पहिला धोका आहे. महाराष्ट्रात ‘बॉटल पाम’ म्हणून जे झाड रस्त्याच्या दुभाजकापासून गृहसंकुलाच्या फाटकापर्यंत सर्वत्र लावले जाते, ते बहुधा क्यूबा आणि आसपासच्या प्रदेशातील रॉयल पाम, म्हणजे रॉयस्टोनिया रेजिया असते. खरा बॉटल पाम, हायोफोर्बे लॅजेनिकॉलिस, हा मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड या लहानशा बेटावरचा आहे. तेथे सोडलेल्या शेळ्या आणि सशांनी रोपे खाऊन टाकल्यामुळे एके काळी त्याची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच झाडे रानात उरली होती. दोघांचे खोड फुगते, म्हणून नावाची गल्लत होते. पण नीट पाहणाऱ्याला ती सहज टाळता येते. रॉयल पाम वीस मीटरच्या वर जातो, त्याच्या शेंड्यावर पंधराच्या आसपास पाने असतात आणि पर्णिका, म्हणजे पानाच्या दांड्यावरची छोटी पाती, अनेक दिशांना वळलेल्या असल्यामुळे पान भरगच्च दिसते. खरा बॉटल पाम तीन-चार मीटरवर थांबतो, त्याला एका वेळी मोजकीच, चार ते आठ पाने असतात आणि विरीच्या, म्हणजे पानांच्या बुंध्यांनी खोडाच्या वर बनलेल्या दंडाच्या, खाली न उमललेले फुलोरे शिंगांसारखे वर वळलेले दिसतात. रोप अगदी लहान असले तरी फरक कळतो: रॉयल पामचे पहिले पान अरुंद आणि अखंड असते, तर बॉटल पामचे पहिलेच पान टोकाशी दुभंगलेले असते. घरात कुंडीत ठेवल्या जाणाऱ्या ‘अरेका पाम’चीही हीच गत आहे. अरेका ही खरे तर आपल्या पोफळीची प्रजाती (जवळच्या जातींचा गट) आहे आणि कुंडीतले ते झाड मादागास्करचे क्रिसॅलिडोकार्पस ल्युटेसेन्स आहे, ज्याला मधली बरीच वर्षे डिप्सिस म्हटले जात होते.

पाम ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण पर्णिकेच्या घडीत असते, आणि ती पाहण्यासाठी भिंगसुद्धा लागत नाही. पिसासारखे पान असलेला पाम घ्यावा आणि पर्णिका पानाच्या दांड्याला जेथे जोडलेली आहे तेथे तिचा आडवा छेद पाहावा. शिंदीच्या पर्णिकेच्या कडा वर उचललेल्या असतात, त्यामुळे तिची पन्हळ होते आणि पावसाचे थेंब तिच्यात थांबतात. माडाच्या आणि पोफळीच्या पर्णिकेची घडी याच्या उलट, कडा खाली वळलेली असते. पिसासारख्या पानाच्या पामांत कडा वर असलेले गट मोजके आहेत: शिंदी-खजुराची फिनिक्स ही प्रजाती, भेरली माडाची कॅरियोटा, आणि अरेंगा व वालिकिया. म्हणजे या एका निरीक्षणाने शेकडो जाती बाजूला पडतात. यानंतर फिनिक्स वेगळी काढणे सोपे आहे, कारण तिच्या पानाच्या बुडाकडील पर्णिकांचे काटे झालेले असतात. भेरली माडाचे पान दोनदा विभागलेले असते आणि त्याच्या पर्णिका माशाच्या शेपटीच्या आकाराच्या असतात. पाम कुळात असे द्विपिच्छाकृती पान दुसऱ्या कोणत्याही प्रजातीत नाही. अरेंगा आणि वालिकिया यांच्या पर्णिकांची टोके कुरतडल्यासारखी आणि पाठ पांढुरकी असते. या दोघींत निश्चित निवाडा करायचा तर फुलोऱ्याची वाट पाहावी, घाईने नाव देऊ नये.

कडा खाली वळलेल्या पामांत विरीकडे पाहावे. पोफळीप्रमाणे पानांचे बुंधे एकमेकांभोवती घट्ट गुंडाळून खोडावर हिरवा गुळगुळीत दंड तयार होतो की माडाप्रमाणे ते मोकळे राहतात, फुलोरा विरीच्या खालून निघतो की पानांच्या बेचक्यातून, खोड एकटे आहे की बेटाने वाढते, या गोष्टी नोंदवल्या म्हणजे झाड आपल्या प्रजातीपर्यंत पोहोचते. पंख्यासारख्या पानांच्या पामांत देठ पानात किती आत शिरतो ते पाहावे. तालीपामाचा देठ पात्यात खूप आतपर्यंत जातो आणि त्यामुळे ते अजस्र पान कमानीसारखे वाकते. ताडात हा कणा आखूड राहतो. लिकुआला या प्रजातीच्या बहुतेक जातींत पान बुडापर्यंत पाचरीसारख्या तुकड्यांत चिरलेले असते, पण लिकुआला ग्रँडिसमध्ये ते जवळजवळ अखंड, गोल राहते.

आता लावावे काय? परदेशी पामांचा मोह मला समजतो, मात्र आपल्या पश्चिम घाटातील आणि भारतातील पामांकडे आपले फार दुर्लक्ष झाले आहे, असे मला मनापासून वाटते. मुंबईत राहून वनस्पतिशास्त्रज्ञ एथेलबर्ट ब्लॅटर यांनी ब्रिटिश हिंदुस्थान आणि सिलोनमधील पामांवर १९२६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात वर्णिलेल्या झाडांपैकी किती झाडे आपल्या बागांत आहेत? अरेंगा वायटी ही गोव्यापासून दक्षिणेकडे घाटाच्या सदाहरित रानात बेटाने वाढणारी, केवळ भारतातच आढळणारी जात आहे, आणि कोकणातल्या सावलीच्या, ओलाव्याच्या परसात ती उत्तम वाढते. पिनांगा डिक्सोनी ही कर्नाटक-केरळच्या घाटातील बारीक खोडाची जात बांबूच्या बेटासारखी दिसते आणि मोठ्या झाडाखालची जागा तिला मानवते. बेंटिंकिया या प्रजातीत दोनच जाती आहेत. त्यांतील बेंटिंकिया कोंडापन्ना दक्षिण घाटातील उंच कड्यांवर वाढते आणि सखल, उष्ण प्रदेशात सहसा रमत नाही. निकोबार बेटांवरची बेंटिंकिया निकोबारिका मात्र किनाऱ्यालगतच्या दमट हवेत चांगली वाढते. ती संकटग्रस्त आहे आणि कोकणातील बागांनी ती आवर्जून सांभाळावी. देशावरच्या कोरड्या, उन्हाच्या जागेत मी दीवचा होका, म्हणजे हायफीनी डायकोटोमा सुचवीन. त्याचे खोड पुन्हा पुन्हा दुभंगत जाते आणि असे फाटे फुटणे पामांत विरळाच आढळते. या सर्वांचे बी लागवडीतील झाडांवरूनच मिळवावे. राखीव वनातून रोप उपटणे हा कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय जी जात वाचवायची तिचीच रानातील संख्या त्यामुळे कमी होते.

पामचे बी ताजे असणे ही उगवणीची पहिली अट आहे. दमट अरण्यातील बहुतेक जातींचे बी वाळले की मरते, म्हणून टपालाने महिनाभर फिरून आलेल्या सुरकुतलेल्या बियांवर पैसे घालू नयेत. गर पूर्ण काढून टाकावा. अरेंगा आणि भेरली माडाची फळे सोलताना हातमोजे घालावेत, कारण गरातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे कातडीला असह्य खाज सुटते. धुतलेले बी दोन दिवस पाणी बदलत भिजवावे आणि पिळल्यावर पाणी गळणार नाही इतपत ओलसर कोकोपीटमध्ये, बंद पिशवीत, सुमारे तीस अंश तापमानात ठेवावे. चैत्र-वैशाखातील आपली उष्णता येथे कामाला येते. काही जाती दोन-तीन महिन्यांत उगवतात, अरेंगा किंवा लिकुआला वर्षभरही थांबवू शकतात, तेव्हा बी उकरून पाहण्याची घाई करू नये. होका आणि ताड यांचा कोंब आधी जमिनीत खोल जातो आणि मग पान वर येते, म्हणून त्यांना उथळ ट्रेमध्ये न रुजवता खोल पिशवीत किंवा थेट जागेवरच लावावे.

जमिनीबद्दल बोलताना कोकण आणि देश असा भेद करावाच लागतो. जांभ्याच्या जमिनीतून मुसळधार पाऊस पालाश (पोटॅश) आणि मॅग्नेशियम धुऊन नेतो. पालाश कमी पडले की सर्वांत जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके येतात आणि टोके करपतात. मॅग्नेशियम कमी पडले की जुन्या पानांची कड पिवळी होऊन मधला भाग हिरवा राहतो. अशी पाने दिसायला वाईट म्हणून लगेच छाटली जातात, आणि हेच घातक आहे, कारण झाड त्या पानांतील पालाश काढून नव्या पानांना पुरवत असते. ती छाटली की कमतरता एकेक पान वर चढत जाते. पूर्ण वाळलेले पानच काढावे. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत उलट घडते: मँगेनीज उपलब्ध होत नाही आणि नवे पान चुरगळलेले, खुरटे निघते. तेथे उंच गादीवाफ्यावर लावून शेणखत, निंबोळी पेंड आणि पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे. लाल देठाचा लिपस्टिक पाम पुण्याच्या हिवाळ्यात तग धरणार नाही. बिस्मार्किया आणि त्रिकोणी पाम तेथे सुखाने वाढतात, मात्र बिस्मार्कियाची मुळे दुखावलेली सहन होत नाहीत, त्यामुळे लावताना मातीचा गोळा फुटू देऊ नये.

बहुतेक पामांच्या खोडाला एकच शेंडा असतो आणि खोडावरची जखम कधीच भरून येत नाही. म्हणून खोडाला खिळा ठोकू नये, पाटीसाठीही नाही. गेंड्या भुंगा कोवळा शेंडा पोखरतो आणि त्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो, तेव्हा जवळ शेणाचा उघडा उकिरडा ठेवू नये आणि पानांच्या बेचक्यांत वाळू व निंबोळी पेंड घालावी. पावसाळ्यापूर्वी शेंड्यावर बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) फवारल्यास कोंब कुजण्याला आळा बसतो.

नोंदीचे महत्त्व एका झाडाच्या उदाहरणाने सांगतो. तालीपामाचा बंगालमधील जवळचा नातलग कोरिफा टॅलिएरा आयुष्यात एकदाच फुलतो आणि फळे धरून मरतो. रानातील त्याचे शेवटचे ज्ञात झाड शांतिनिकेतनजवळ १९७९ मध्ये तोडले गेले. ढाका विद्यापीठाच्या आवारात एक झाड होते. ते कोणते आहे हे तेथील वनस्पतिशास्त्रज्ञांना माहीत होते म्हणून ते राखले गेले, २००८ मध्ये ते फुलले आणि त्याच्या बियांपासून झालेली रोपे इतरत्र लावता आली. ते झाड कोणी साधा ताड समजून तोडले असते तर ती रोपे झालीच नसती.

म्हणून प्रत्येक झाडासाठी एक पान ठेवावे: शास्त्रीय नाव, बी कोणाकडून व कोणत्या झाडाचे, पेरणीची आणि उगवणीची तारीख, पानाच्या दोन्ही बाजूंचे, विरीचे आणि देठाच्या बुडाचे छायाचित्र. फुलोरा आला की नोंद पुन्हा तपासावी. बागेत फिनिक्सच्या दोन जाती जवळ असतील तर त्यांचे बी संकरित असण्याची शक्यता मोठी असते. बॉटल पाम आणि रॉड्रिग्जचा स्पिंडल पाम यांच्यातही संकर होतो. अशा झाडांचे बी देताना शुद्ध जातीचे म्हणून देऊ नये, शेजारी कोणती जात होती ते लिहून द्यावे. शुद्ध बी हवे असेल तर फुलोऱ्यावर पिशवी बांधून हाताने परागण करावे.

होका आणि ताड यांच्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि फुलोरा येईपर्यंत कोणते काय आहे हे कळत नाही. त्यामुळे होक्याचे एकच रोप कोणाला देऊ नये. एका परिसरातील तीन-चार बागांत मिळून चार-पाच रोपे द्यावीत आणि प्रत्येकाच्या नोंदीत उरलेली रोपे कोणाच्या बागेत आहेत हेही लिहून ठेवावे, म्हणजे फुलण्याची वेळ येईल तेव्हा पराग कोठून आणायचा हे शोधत बसावे लागणार नाही.