सोबतीला कोण उडी मारतंय?

(विमानाचं दार उघडतं. वाऱ्याचा आवाज भरून येतो. निवेदन दहा सेकंदांनी सुरू.)

पॅराशूटच्या उडीत हवेतच कोणाला वाचवायची वेळ आली तर काय होतं, त्याची ही गोष्ट. दारात तिघं आहेत. मधला विद्यार्थी, आणि ही त्याची पहिली उडी. उजवीकडे एक प्रशिक्षक, डावीकडे दुसरा. दोघांनीही त्याचा हार्नेस, म्हणजे अंगावर बांधलेले पट्टे, घट्ट धरलाय. विद्यार्थी क्षितिजाकडे बघतोय, कारण जमिनीवर त्याच्याकडून हेच घोटून घेतलंय. प्रशिक्षक विद्यार्थ्याकडे बघतायत. पुढचा जवळजवळ एक मिनिट त्यांची नजर तिथून हटलीच, तर ती फक्त हातावरच्या उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरकडे जाईल.

(उडी. तिघं एकत्र बाहेर पडतात. निवेदन नाही.)

या पद्धतीला एएफएफ म्हणतात, ॲक्सिलरेटेड फ्रीफॉल. त्याआधी विद्यार्थ्याच्या पॅराशूटला बांधलेला पट्टा विमानात अडकवलेला असायचा. त्यानं उडी मारली की पट्टा ताणला जायचा आणि पॅराशूट आपोआप उघडायचं. अशा काही उड्या झाल्या की फ्रीफॉलची, म्हणजे पॅराशूट न उघडता खाली पडत राहण्याची, पाळी यायची, आणि तिथे विद्यार्थी एकटाच असायचा. त्याचं काय चुकतंय हे शिकवणाऱ्याला एकतर विमानाच्या दारातून दिसायचं, नाहीतर जमिनीवरून. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत केन कोलमन यांनी नवी पद्धत मांडली. तिचं सूत्र साधं होतं: विद्यार्थ्याला हवेत एकटं सोडायचं नाही, प्रशिक्षकानंही त्याच्याबरोबर उडी मारायची.

आता हातांकडे लक्ष द्या.

(हेल्मेट कॅमेरा. प्रशिक्षकाचा हात विद्यार्थ्याच्या चेहऱ्यासमोर.)

या वेगात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून सगळं बोटांनी सांगायचं. दोन बोटं सरळ केली की पाय लांब कर. तीच बोटं वाकवली की पाय आवळ. अंगठा खाली दाखवला की कंबर पुढे काढ, शरीराची कमान कर. अशी कमान झाली की पोट जमिनीकडे राहतं आणि शरीर स्थिर पडतं. ती मोडली की शरीर डगमगतं, उताणं होतं, कधी गरागरा फिरायला लागतं. आणि तर्जनी रोखली, की पॅराशूट उघड.

या दृश्यात प्रशिक्षक तर्जनी रोखतोय आणि विद्यार्थी नुसता बघत राहतो. घाबरल्यामुळे नव्हे. एकाच वेळी इतकं काही अंगावर येतं की डोळ्यांना दिसलेलं डोक्यापर्यंत पोचतच नाही. प्रशिक्षक पुन्हा खूण करतो. मग त्याचा हात धरून हँडलपर्यंत नेतो. तरीही काही झालं नाही, तर तो स्वतःच उघडेल. विद्यार्थ्यांच्या बऱ्याच कंटेनरना, म्हणजे पाठीवरच्या पॅराशूटच्या पिशव्यांना, डाव्या बाजूला एक जादा हँडल बसवलेलं असतं, ते त्या बाजूच्या प्रशिक्षकासाठी.

(पॅराशूट उघडतं. विद्यार्थी चौकटीतून वर निघून जातो.)

उघडलं. साडेपाच हजार फुटांच्या आसपास, ठरल्याप्रमाणे.

(जमीन. हँगरमध्ये कंटेनर तपासणारे हात.)

यात वाचवण्याचा प्रसंग कुठे आहे, असं वाटेल. तो इथे, हँगरमध्ये सुरू होतो. कंटेनर अंगावर चढवण्याआधी एक तपासणी, विमानात बसण्याआधी दुसरी, उडी मारण्याआधी तिसरी. छातीचा पट्टा बकलमधून बरोबर ओवलाय का. पायांचे पट्टे पिळलेले नाहीत ना. मुख्य पॅराशूटची पिन जागेवर आहे, रिझर्व्हची, म्हणजे राखीव पॅराशूटची, पिन जागेवर आहे. पॅराशूट आपोआप उघडणारं यंत्र चालू केलंय. तिन्ही हँडल मोकळी आहेत, कपड्याखाली दबलेली नाहीत. तपासणारा माणूस तोंडाने एकेक नाव घेतो आणि त्या जागेला बोट लावतो. कॅमेऱ्यात हे कंटाळवाणं दिसतं हे मान्य. तरीही संकलनात हा भाग आम्ही कापला नाही.

(परीक्षेची उडी. दोघं जण. एक निळ्या सूटमध्ये, एक लाल.)

आता ज्या चित्रणासाठी आम्ही इथे आलो, ते बघा. लाल सूटमधला प्रशिक्षक होऊ पाहणारा उमेदवार आहे. निळ्या सूटमधला विद्यार्थी दिसतोय, पण तो परीक्षक आहे. विद्यार्थी हवेत जे जे करू शकतो ते सगळं तो आज करणार आहे, आणि मुद्दाम करणार आहे.

या परीक्षेला बसायलाच किमान सहा तासांचा फ्रीफॉल लागतो. सहा तास ऐकायला थोडे वाटतात. पण पूर्ण उंचीवरून मारलेल्या एका उडीत फ्रीफॉल मिळतो जेमतेम मिनिटभर. म्हणजे साडेतीनशेपेक्षा जास्त उड्या झाल्यावर परीक्षेचं दार उघडतं.

(निळा सूट फिरायला लागतो.)

परीक्षक फिरू लागलाय. आधी सावकाश, मग जोरात. उमेदवाराने त्याच्या वेगाशी वेग जुळवायचा, फिरणारे पाय चुकवायचे आणि योग्य क्षणी आत शिरून हार्नेस धरायचा. पहिल्यांदा हुकतं. बघा, तो लगेच झडप घालत नाही. आधी उंची जुळवतो. उतावीळपणे झेपावला असता तर पाय तोंडावर बसला असता.

दुसऱ्यांदा पकडतो. फिरणं थांबतं.

(निळा सूट उताणा होतो.)

आता उताणा. हा प्रकार जास्त अवघड. एक हात खांद्याजवळच्या हार्नेसवर, दुसरा पायाजवळ, आणि स्वतःच्या शरीराचा भार वापरून समोरच्याला पालथा करायचा. हे करतानाही कोणी थांबलेलं नाही. दोघं मिळून दर साडेपाच सेकंदांना हजार फूट खाली जातायत.

या दृश्यात एक गोष्ट चटकन डोळ्यात भरत नाही. उमेदवार कधीही परीक्षकाच्या बरोबर वर येत नाही. हवेतून पडणाऱ्या शरीराच्या वरच्या बाजूला खळबळीचा एक पट्टा तयार होतो, ओढ्यातल्या दगडाच्या पाठीमागे पाणी भोवरतं तसा. त्यात कोणी सापडला की त्याच्याखालचा हवेचा आधार निघून जातो आणि तो धाडकन खालच्याच्या पाठीवर आदळतो. म्हणून वाचवायला जाणाऱ्याने बाजूने जायचं. आणि खालीही जायचं नाही, कारण पुन्हा वर यायला वेळ जातो आणि तेवढ्यात समोरचा नजरेआड होतो.

(संथ गतीत: उमेदवार डोकं खाली करून सूर मारतो.)

हे दृश्य सगळ्यांना आवडतं. डोकं खाली, हात मागे, पाय सरळ. पोटावर पडणारा माणूस ताशी साधारण २०० किलोमीटर वेगाने पडतो. असा सूर मारला की वेग २७०च्या पुढे जातो. मग गाठणं सोपंच की.

हिशोब करून बघू. समजा विद्यार्थी ३०० मीटर खाली गेलाय आणि प्रशिक्षक त्याच्यापेक्षा ताशी ७० किलोमीटर जास्त वेगाने त्याच्याकडे येतोय. हे अंतर कापायला साधारण पंधरा-सोळा सेकंद लागतील. तेवढ्यात विद्यार्थी आणखी जवळपास तीन हजार फूट खाली गेलेला असेल. शिवाय वेग कमी करायला लागणारी सेकंदं वेगळी, पकडायला लागणारी वेगळी. म्हणून अनुभवी प्रशिक्षकांना सूर मारण्याचं फार कौतुक नसतं. विद्यार्थ्यापासून तीनशे मीटर लांब गेलातच कसे, एवढंच ते विचारतात.

(टेबलावर ठेवलेलं छोटं यंत्र.)

पण यंत्र असतं ना? असतं. १९९१ मध्ये जर्मनीतून हेल्मुट क्लोथ यांचं सायप्रेस बाजारात आलं आणि या खेळाचं चित्र पालटलं. पाठीवरच्या कंटेनरमध्ये बसणारं हे यंत्र हवेचा दाब मोजत राहतं. अनुभवी स्कायडायव्हरसाठी असलेला त्याचा प्रकार साधारण ७५० फुटांवर बघतो, की माणूस सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त वेगाने पडतोय का. पडत असेल तर रिझर्व्ह बंद ठेवणारी दोरी कापतो. यंत्रांनी वाचवलेली माणसं माणसांनी वाचवलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. त्याही आधी, १९५९ मध्ये, अमेरिकन हवाई दलाचे जोसेफ किटिंजर उंचावरच्या बलूनमधून उडी मारताना गिरक्या खात बेशुद्ध झाले होते. त्यांनाही आपोआप उघडलेल्या पॅराशूटनेच वाचवलं.

पण ७५० फुटांवर पूर्ण वेगाने पडणाऱ्या माणसाच्या हातात उरतात फक्त चार सेकंद, आणि तेवढ्यात पॅराशूट फुगायचंही असतं. हाताने उघडायचं तर ते काही हजार फुटांवर होऊ शकतं.

वाचवणाऱ्याच्या पाठीवरही हेच यंत्र असतं. हट्टाने पाठलाग करत तो फार खाली गेला आणि दोघांची पॅराशूट एकाच वेळी, एकमेकांजवळ उघडली, तर दोन्ही एकमेकांत अडकू शकतात. अमेरिकेतल्या यूएसपीए या स्कायडायव्हरांच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे सर्वात अनुभवी माणसानेही २,५०० फुटांपर्यंत स्वतःचं पॅराशूट उघडायचं असतं. म्हणजे पाठलागाला एक तळ आहे, आणि तिथे सोडून द्यायचं. परीक्षेत उमेदवारांना हे कसं विचारतात, हे दाखवायला आमच्याकडे चित्रण नाही. उत्तर मात्र सगळ्यांना पाठ असतं.

(नकाशा: ॲरिझोना. त्यानंतर विमानतळाचं सर्वसाधारण दृश्य.)

१८ एप्रिल १९८७. ॲरिझोनातलं कूलिज. सहा स्कायडायव्हरांच्या एका उडीत सुमारे पन्नास उड्यांचा अनुभव असलेली एक शिक्षिका दुसऱ्या स्कायडायव्हरवर आदळली आणि बेशुद्ध पडली. वरून ग्रेगरी रॉबर्टसन यांनी पाहिलं. डोकं खाली करून ते तिच्यामागे गेले आणि साधारण साडेतीन हजार फुटांवर तिचं पॅराशूट उघडलं. ती गंभीर जखमी झाली, पण जगली.

रॉबर्टसन यांनी पाहिलं म्हणून हे घडलं. ती विद्यार्थिनी नव्हती, तिच्यावर लक्ष ठेवायला कोणी नेमलेलं नव्हतं. तरीही ते बघत होते.

(ऑस्ट्रेलिया. प्रशिक्षकाच्या हेल्मेटवरचं चित्रण.)

हे चित्रण तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलं असेल. नोव्हेंबर २०१४, पश्चिम ऑस्ट्रेलिया. १२,००० फुटांवरून उडी. ९,०००च्या आसपास विद्यार्थ्याला फिट येते. तो उताणा होतो.

(निवेदन नाही. चित्रण पूर्ण जाऊ द्यावं.)

पहिला प्रयत्न हुकला. दुसऱ्यांदा प्रशिक्षकाने त्याला गाठलं आणि ४,००० फुटांच्या सुमारास पॅराशूट उघडलं. विद्यार्थी वाटेत शुद्धीवर आला आणि सुखरूप उतरला. एवढा वेळ प्रशिक्षक जवळ होता, हे या चित्रणात नीट दिसतं. त्या सुराचे तुकडे जगभर फिरले. त्याआधीच्या वीस सेकंदांत तो विद्यार्थ्यापासून फार लांब गेलाच नव्हता, हे कोणी फारसं बोललं नाही.

(उतरण्याची जागा. नवे स्कायडायव्हर आपापली पॅराशूट गोळा करतात.)

आता थोडी अडचणीची गोष्ट. विद्यार्थ्याला प्रशिक्षक असतो. अमेरिकेत २५ उड्या झाल्या की ए, म्हणजे पहिला परवाना मिळू शकतो, आणि मग प्रशिक्षक नसतो. सव्विसाव्या उडीला त्या माणसाने कोणाबरोबर जायचं? बी परवाना आणि शंभर उड्या झालेल्या माणसाला कोच होता येतं. पण त्या टप्प्यावर आलेल्या बऱ्याच जणांना हवेत अनेकांनी मिळून केलेल्या मोठ्या फॉर्मेशनमध्ये जायचं असतं, डोकं खाली ठेवून उडायला शिकायचं असतं, हेल्मेटवर कॅमेरा लावायचा असतो. नवख्याबरोबर मारलेली उडी त्यांना वाया गेल्यासारखी वाटते. इथल्या मुख्य प्रशिक्षिका आठवड्यातून एक दिवस अनुभवी लोकांना नवख्यांशी जोडून देतात. त्या दिवशी काही जण कुरकुरतात. तेही आमच्या कॅमेऱ्यात आलंय, पण त्यांच्या विनंतीवरून इथे ठेवलेलं नाही.

यूएसपीएच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये अमेरिकेत १० स्कायडायव्हरांचा मृत्यू झाला. १९७०च्या दशकात हा आकडा वर्षाला सरासरी चाळीसच्या वर होता. आजचे अनेक अपघात पॅराशूट नीट उघडल्यावर, उतरताना होतात. तो वेगळा विषय आहे.

(हँगर. टीव्हीसमोर लाल सूटमधला उमेदवार आणि परीक्षक. उडीचं चित्रण थांबवलेलं.)

परीक्षक चित्र थांबवतात. उमेदवाराने फिरणं थांबवलं, पालथं केलं, वेळेत उघडलं. सगळं बरोबर. मग ते नऊ सेकंदांचा एक तुकडा पुन्हा चालवतात. या नऊ सेकंदांत उमेदवाराने अल्टिमीटरकडे एकदाही पाहिलं नाही.

उडी नापास. चारच्या विमानात पुन्हा.