नाव एक, हायफन वेगळा

(दृश्य: काळा पडदा. लुकलुकणारा कर्सर.)

लिनक्सवर एखादा प्रोग्रॅम अडकला की 'किलऑल' लिहायचं, पुढे त्याचं नाव, आणि एंटर. तेवढाच प्रोग्रॅम बंद होतो. सोलारिस या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवरही किलऑल नावाची कमांड आहे. ती मात्र नावाला जागते. मशीन बंद करताना चालू असलेलं सगळं संपवणं, हेच तिचं काम. सवयीने रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून ती देणाऱ्याचं पुढे काय होतं, ते सांगायला नको.

(दृश्य: बेल लॅब्सचं जुनं छायाचित्र.)

या सगळ्यांचं मूळ घर एकच, युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम. 1969, बेल लॅब्स, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची. पुढे वाटणी झाली. बर्कलीच्या विद्यापीठात युनिक्सचं बीएसडी हे रूप वाढलं, बेल लॅब्सची मालक कंपनी एटी अँड टीने 1983 मध्ये सिस्टिम फाइव्ह हे दुसरं रूप आणलं. चालू प्रोसेस बघायला एक घर 'पीएस एयूएक्स' म्हणू लागलं, हायफनशिवाय. दुसरं 'पीएस हायफन ईएफ'. लिनक्सने दोघांचंही ऐकायचं ठरवलं.

(दृश्य: दोन लॅपटॉप शेजारी शेजारी.)

आज खरा घोळ घालतो तो 'सेड', म्हणजे फाइलमधला मजकूर बदलणारी कमांड. फाइल जागच्या जागी बदलायची, तर 'हायफन आय'. लिनक्सवर त्यापुढे थेट बदलाचा नियम लिहिला की झालं. मॅकचं सेड बीएसडीच्या घरातलं. त्याला हायफन आयनंतर जुन्या प्रतीच्या नावाला जोडायचं शेपूट हवंच. नको असेल तर रिकामं अवतरण द्या. ते नाही दिलं, तर तुमचा नियमच तो शेपूट समजतो, फाइलचं नाव नियम म्हणून वाचायला घेतो आणि भलतीच तक्रार करतो. बरं, मॅकचं रिकामं अवतरण लिनक्सवर नेलं, तर तिथे नियमालाच फाइल समजून शोधाशोध सुरू!

यावर कोणी 'हायफन आय हायफन ई' लिहितं. दोन्हीकडे चालतं, असं वाटतं. मग मॅकवरच्या फोल्डरमध्ये नावाच्या शेवटी 'हायफन ई' लागलेल्या फाइली सापडतात.

भांडण मिटवायला, सगळ्यांनी सारखं वागावं म्हणून, पॉझिक्स हे प्रमाण आलं, 1988 मध्ये. नाव सुचवलं रिचर्ड स्टॉलमन यांनी. गंमत म्हणजे डिस्कची जागा 512 बाइटच्या तुकड्यांत मोजायचा त्यातला नियम त्यांच्याच, लिनक्सला सेडसारख्या कमांड पुरवणाऱ्या, ग्नू प्रकल्पाने मानला नाही. तिथे 1024 चालतं. नियमच हवा असेल, तर 'पॉझिक्सली करेक्ट' नावाचं व्हेरिएबल लावा. आणि सेडचा हायफन आय? तो या प्रमाणात नव्हताच.

(दृश्य: पुन्हा टर्मिनल.)

म्हणून जाणकार हायफन आयला चिकटूनच 'डॉट बॅक' लिहितात. ते दोन्ही घरांना कळतं. मागे उरलेली जुनी प्रत मग 'आरएम'ने पुसायची. फक्त फाइलचं नाव आधी आणि 'हायफन एफ' (न विचारता पुसण्याची खूण) नंतर लिहू नका. लिनक्स समजून घेतं. मॅक फाइल पुसतो आणि मग 'हायफन एफ' नावाची दुसरी फाइल शोधत बसतो.