दर आठ तासांनी म्हणजे नेमकं कधी?

मंडळी, चिठ्ठीवर ‘दिवसातून ३ वेळा’ असं लिहिलेलं असतं आणि आपण ते ‘नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण’ असं वाचतो. सकाळी ९, दुपारी १, रात्री ९. पहिल्या दोन गोळ्यांत जेमतेम ४ तास आणि रात्रीच्या गोळीनंतर थेट १२ तासांचा खंड. अँटिबायोटिकचं गणित इथेच बिघडतं.

अमॉक्सिसिलिनचं उदाहरण घेऊ. मूत्रपिंडं धड असलेल्या माणसाच्या रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दर तासाला निम्मं होत जातं. म्हणजे ४ तासांत ते सोळाव्या हिश्श्यावर येतं. पेनिसिलिनच्या घराण्यातली ही औषधं जिवाणूला आपली बाहेरची भिंत बांधू देत नाहीत. औषध किती जोरात आदळलं यापेक्षा ते ठरावीक पातळीच्या वर किती वेळ टिकलं, यावर त्यांचं काम चालतं. म्हणून विसरलेल्या गोळीची भरपाई पुढच्या वेळी २ गोळ्या घेऊन होत नाही. पोट मात्र बिघडू शकतं. सकाळी ६, दुपारी २, रात्री १० अशी वेळ बांधून घ्या. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे झाला तर काही बिघडत नाही. गोळी विसरलात तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या.

अझिथ्रोमायसिन याच्या अगदी उलट. ते पेशींमध्ये साठून राहतं आणि त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला अडीच दिवसांहून जास्त लागतात. म्हणूनच ते दिवसातून १ वेळ, बहुधा ३ किंवा ५ दिवसच दिलं जातं. ‘त्याला ३ दिवसांत बरं वाटलं, मला १० दिवस कशाला?’ या तुलनेला म्हणूनच अर्थ नाही. औषध वेगळं, आजार वेगळा, घड्याळही वेगळं.

आता पोटाकडे वळू. ‘रिकाम्या पोटी’ म्हणजे जेवणाआधी १ तास किंवा जेवणानंतर २ तास. क्लॉक्सासिलिनला हे पाळावं लागतं, कारण अन्नामुळे ते कमी शोषलं जातं. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलानेट यांची जोडगोळी मात्र जेवणाच्या सुरुवातीलाच घ्यावी: शोषण सुधारतं, मळमळही कमी होते. नायट्रोफ्युरँटॉइनही जेवणासोबतच.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन यांच्या बाबतीत. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम, जस्त हे धातू आतड्यातच या औषधांना चिकटतात, आणि चिकटलेलं औषध रक्तात जातच नाही. गोळी वेळेवर घेतलेली, पैसे मोजलेले, आणि औषध शौचावाटे बाहेर! गंमत अशी की अँटिबायोटिकने जळजळ होते म्हणून लोक त्याच्याच जोडीला अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध घेतात, आणि त्यात नेमके हेच धातू असतात. सिप्रोफ्लॉक्सासिन अशा औषधांच्या निदान २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावं. नुसत्या दुधासोबतही ते घेऊ नये.

डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल घोटभर पाण्यासोबत घेऊन लगेच आडवं होणं ही आणखी एक चूक. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकते, तिथेच विरघळते आणि आतून चटका बसल्यासारखा व्रण होतो. मग गिळताना छातीत कळ येते. पूर्ण पेला पाणी प्या आणि निदान अर्धा तास बसून किंवा उभं राहा. या औषधाने उन्हात कातडी लवकर भाजते, तेही लक्षात असू द्या.

मुलांच्या औषधाबद्दल जरा सावकाश बोलतो, कारण तिथे चुका घरात होतात. बाटलीत कोरडी भुकटी असते. आधी बाटली आपटून-हलवून ती सुटी करा. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खालपर्यंत ओता, झाकण लावून जोरात हलवा, फेस बसू द्या. मग खुणेपर्यंत पाणी भरून पुन्हा हलवा. फेसालाच पाणी समजून थांबलात तर औषध जास्त दाट होतं. प्रत्येक डोसाआधी बाटली हलवलीच पाहिजे, नाहीतर सुरुवातीचे डोस पातळ आणि शेवटचे कडक जातात. क्लॅव्ह्युलानेट असलेलं औषध पाणी घातल्यावर फ्रिजमध्ये ठेवायचं, गोठवायचं नाही, आणि ७ दिवसांनी उरलेलं टाकून द्यायचं. बाकीच्या औषधांची मुदत वेगवेगळी असते, लेबल वाचा. मोजायला स्वयंपाकघरातला चमचा नको, खुणा असलेली सिरिंज वापरा. आणि लेबलवर ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम आहे की २५० हे पाहा. मागच्या वेळेइतकंच औषध पाजलं, पण बाटली दुप्पट ताकदीची होती, असं सर्रास घडतं.

कोर्स किती दिवसांचा? ‘जितका लांब तितका चांगला’ ही समजूत आता मागे पडली आहे. क्षयरोगाला महिनोन्‌महिने औषध लागतं आणि ते मध्येच सोडणं खरोखर धोक्याचं असतं. स्ट्रेप्टोकोकसने घसा धरला तर पेनिसिलिन सहसा १० दिवस. पण साध्या न्यूमोनियात सुधारणा नीट होत असेल तर बहुधा ५ दिवस पुरतात. औषध पोटात असेपर्यंत आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंवरही त्याचा मारा चालू असतो, आणि औषधाला न जुमानण्याची ताकद त्यांच्यातही वाढते. तेव्हा दिवस डॉक्टरांनी ठरवलेले पाळा. लवकर बरं वाटलं तर आपल्या मनाने थांबू नका, फोन करून विचारा. उलट ४८ ते ७२ तासांत काहीच फरक पडला नाही, तरी विचारा. उरलेल्या गोळ्या पुढच्या सर्दीसाठी डब्यात जपून ठेवू नका. सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात. त्यांना भिंतच नसते, मग औषध पाडणार काय?

चिठ्ठी लिहून घेतानाच काही गोष्टी सांगायच्या असतात: मूत्रपिंडाचा त्रास, गरोदरपण, चालू असलेली सगळी औषधं. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन चालू असताना मेट्रोनिडाझोल किंवा को-ट्रायमॉक्साझोल सुरू झालं तर रक्तस्राव होऊ शकतो. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या सिमव्हास्टॅटिनसोबत क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक घेतलं तर स्नायूंची नासाडी होऊ शकते. ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे’ एवढंच सांगू नका. काय झालं होतं, गोळीनंतर किती वेळाने, तेही सांगा. असा शिक्का बसलेल्या १० पैकी सुमारे ९ जणांना तपासणीत ते औषध चालतं असं दिसून येतं. पण ही तपासणी घरी करून बघायची नाही.

गोळीनंतर अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, तर पुढची गोळी नाही, थेट तातडीच्या विभागात. सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असताना टाचेच्या मागची शीर (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा जाड दोर) दुखू लागली तर औषध थांबवा, पाय टेकवू नका आणि डॉक्टरांना कळवा. ती शीर तुटू शकते. क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, तिला मात्र घाबरायचं कारण नाही.

थोडे पातळ शौच बऱ्याच जणांना होतात. पण दिवसातून ३ किंवा अधिक वेळा पाण्यासारखे जुलाब, पोटात मुरडा, ताप असं काही झालं तर क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल (जुनं नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल) या जिवाणूची शंका घ्यावी लागते. कोर्स संपून काही आठवडे उलटले असले तरी. अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून घेऊ नका, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आधी घेतलेल्या अँटिबायोटिकचं नाव सांगा. त्यासाठी संपलेली स्ट्रिप लगेच टाकू नये, निदान तिचा फोटो काढून ठेवावा.