आधी पडायचं

(पहाट. तालमीचा हौदा. फावड्यानं माती उकरल्याचा आवाज, बाकी काही नाही.)

ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेली ही लाल माती रोज उकरायची, भुसभुशीत करायची, मगच लढतीला उभं राहायचं. कारण या मातीवर कुणीतरी पडणार असतं. माझे आजोबा उमेदीच्या काळात तालमीत राहिले. ते सांगायचे, नव्या पोराला वस्ताद आधी डाव शिकवत नाही, पडायला शिकवतो.

मला ते कळलं वयाच्या ३९व्या वर्षी, शहराबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये.

(शेड आतून. पत्र्यावर पाऊस.)

जुलै महिना. पंचगंगेचं पाणी घाटाच्या पायऱ्या चढून वर आलेलं. पन्हाळ्याचे कातळ शेवाळानं निसरडे झालेत, या दिवसांत त्यांच्या वाटेला जायचं नसतं. इथं मात्र चार मित्रांनी मिळून प्लायवूडची भिंत उभी केलीय. १४ फूट उंच, वरच्या बाजूला पुढं झुकलेली. तिच्यावर रंगीत पकडी बोल्टनं आवळलेल्या. खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत फूटभर जाडीच्या गाद्या. दोर नाही, हार्नेस नाही. हे बोल्डरिंग, चढाईचा खेळ.

शिकवणारी मुलगी बावीस-तेवीस वर्षांची. पहिल्या दिवशी तिनं मला वर जाऊच दिलं नाही.

"दादा, आधी पडायचं."

गुडघ्याएवढ्या उंचीवरनं, मग कमरेएवढ्या. दोन्ही पाय एकदम टेकवायचे, गुडघे सैल सोडायचे, खाली बसत बसत पाठीवर लोळायचं. हनुवटी आत, हात छातीशी. हात मागं टेकवायचा नाही, कारण मग सगळा भार मनगटावर आणि कोपरावर येतो. आणि पडताना हात मागं जातोच! अर्धा तास मी नुसता पडत होतो. कितव्या वेळेला कोण जाणे, हात आपसूक छातीशी राहिले. तेव्हा आजोबांची फार आठवण आली.

मग भिंत. एकाच रंगाच्या पकडी धरत खालनं वर जायचं. या वाटेला इथं प्रॉब्लेम म्हणतात, आणि तो खरंच गणितासारखा सोडवावा लागतो. शेवटच्या पकडीवर दोन्ही हात स्थिर झाले की सुटला. हात भरून धरता येते ती पकड म्हणजे जग (jug). बोटांची टोकंच मावतात ती क्रिंप. स्लोपर गोलसर, तिला धरायला कडाच नसते, तळहात दाबून भरवसा ठेवायचा.

अवघडपणा मोजायच्या श्रेणी आहेत. व्ही श्रेणी टेक्सासमधल्या ह्युको टँक्सच्या खडकांवर घडली, दुसरी पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या जंगलात. नवख्यानं या आकड्यांच्या मागं लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

(जवळून: बुटाचं टोक आणि पिवळी पकड.)

हे बघा. घट्ट बूट, अंगठा आत दुमडलेला. पाऊल मधोमध ठेवलं तर टाच वळवता येत नाही. टोक ठेवलं की त्याच्यावर अख्खं अंग फिरतं. मी हातानं ओढत होतो, दहा मिनिटांत पोटऱ्यांसारखे हात भरून आले, मूठ मिटेना.

"हात सरळ, दादा. लोंबकळा. पायानं उठा."

कंबर भिंतीला चिकटवली, गुडघा बाहेर वळवला, पायावर उठलो. पकड हाताशी आली होती.

(पांढरी पूड तळहातावर.)

ही पूड मॅग्नेशियम कार्बोनेटची, सगळे चॉक म्हणतात. घाम शोषते. मल्ल हातावर माती चोळतो ते याचसाठी.

तिसऱ्या आठवड्यात मला जोर चढला, ओळीनं तीन दिवस आलो. बोटाच्या मुळाशी ठणका लागला. तिनं दोन दिवस घरी बसवलं. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, बोटांच्या कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांना, महिने लागतात. अंगात बळ आलंय असं वाटतं आणि बोट दुखावतं. एक दिवस चढायचं, एक दिवस सोडायचं, सुरुवातीला एवढं पाळाच.

(रात्र. शेड. पिवळा प्रॉब्लेम.)

आज शेवटच्या पकडीवर दोन हात टेकवायचे तेवढे उरले. उजवा हात पोचला. डावा आणताना पाय घसरला.

हात छातीशी. पाठ गादीवर. पत्र्यावर पाऊस वाजतोय.

"लागलं?"

"नाही."

"मग चॉक लावा."